नागपूरच्या राजाची वंशावळ, छापली हुगळीकाठी

बारावीत असलेल्या कुणालाही ‘वंशावळ’ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. जात पडताळणीचा अर्ज भरायचा असतो, सेतू केंद्रासमोर रांग असते आणि प्रतिज्ञापत्रावर पणजोबांपासून स्वतःपर्यंत नावांचं झाड काढायचं असतं. कुणाचा मुलगा कोण, कोण निपुत्रिक गेला, कोण दत्तक आला. एक नाव चुकलं, की अर्ज परत. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी जुने दस्त उपसायला सुरुवात झाली, तेव्हा राज्यभर मोडी वाचता येणारी माणसं शोधायची धावपळ झाली. दस्त सरकारी कपाटात होते, कागद शाबूत होता, शाई शाबूत होती. वाचणारा मात्र मिळेना.

म्हणजे वंशावळ ही काही पुराणातली गोष्ट नाही. कागदावरच्या नावांच्या क्रमावर माणसाचं शिक्षण, नोकरी, जमीन ठरते. एकेकाळी त्यावर राज्यंही ठरत.

मला ज्या पुस्तकाबद्दल लिहायचं आहे ती अशीच एक वंशावळ आहे. नागपूरकर भोसल्यांची. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी एक. १८१५-१६ च्या सुमारास ती छापली गेली, आणि मोडी लिपीत, शिशाच्या खिळ्यांनी छापली गेली. छापली कुठे, तर नागपुरात नाही, पुण्यात नाही, मुंबईत नाही. कलकत्त्याच्या वर हुगळीच्या काठावर, श्रीरामपूर नावाच्या डॅनिश वसाहतीत. नाव ‘रघुजी भोसल्यांची वंशावळी’.

नागपुरात जन्मलो, महालात वाढलो, भोसल्यांच्या वाड्याच्या उरलेल्या नगारखान्यावरून शाळेत जात होतो. पण या पुस्तकाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते मोडीच्या वर्गात, पंचविशी उलटल्यावर. आमच्या शहरावर राज्य करणाऱ्या घराण्याचं पहिलं छापील पुस्तक, आणि आमच्या अभ्यासक्रमात त्याची एक ओळ नाही.

आता श्रीरामपूरच का, हे बघू. त्यासाठी आधी जरा मागे जावं लागेल, कारण नागपूर आणि बंगाल यांचं नातं छापखान्यापासून सुरू होत नाही. ते घोड्यांच्या टापांपासून सुरू होतं.

१७४० च्या दशकात पहिल्या रघुजी भोसल्यांच्या फौजा ओरिसामार्गे बंगालवर जाऊ लागल्या. १७४२ मध्ये त्यांनी हुगळी शहर घेतलं. भीतीनं कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो अर्धवटच राहिला, पण त्याचं ‘मराठा डिच’ हे नाव टिकलं, आणि बागबाजारातल्या एका गल्लीनं ते अजून जपलंय. दहा वर्षं हे चाललं. १७४४ मध्ये नवाब अलिवर्दी खानानं भास्करराम कोल्हटकरांना बोलणीच्या निमित्तानं बोलावून छावणीतच मारलं. शेवटी १७५१ मध्ये तह झाला. वर्षाला बारा लाख रुपये चौथाई, आणि ओरिसावर नागपूरची सत्ता.

नागपुरात आपण हा इतिहास ‘कटकपर्यंत झेंडा’ अशा एका वाक्यात उरकतो. बंगालमध्ये त्याला दुसरं नाव आहे, बर्गी. आपला ‘बारगीर’ तिकडे जाऊन ‘बर्गी’ झाला. तिथल्या आया आजही मुलांना झोपवताना जे अंगाईगीत म्हणतात त्यात बर्गी देशात आल्याचा उल्लेख येतो. गंगाराम नावाच्या कवीनं त्या स्वाऱ्यांवर बंगालीत एक काव्य लिहिलं, त्याचं नाव चक्क ‘महाराष्ट्र पुराण’. गावं जाळली, माणसं पळाली, याचं त्यात वर्णन आहे. झेंड्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे काव्यही माहीत करून घ्यायला हरकत नसावी.

तर ज्या नदीकाठी आमच्या राजाचं नाव मुलांना घाबरवायला वापरलं जात होतं, त्याच नदीकाठी साठ-सत्तर वर्षांनी त्याच घराण्याची वंशावळ खिळ्यांनी जुळवली जात होती. खिळे जुळवणारे हात बंगाली असणार. ते काय जुळवत होते हे त्यांना ठाऊक होतं का, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

विल्यम कॅरी हा इंग्रज. आधी चांभारकाम करायचा, मग धर्मोपदेशक झाला. १७९३ मध्ये बंगालात आला. कंपनीच्या मुलुखात मिशनऱ्यांना परवानगी नव्हती, म्हणून १८०० मध्ये त्यानं मार्शमन आणि वॉर्ड यांच्याबरोबर डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात मिशन थाटलं आणि छापखाना उघडला. त्याच वर्षी गव्हर्नर जनरल वेलस्लीनं कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. इंग्लंडहून येणारी कंपनीची नोकर मुलं सोळा-सतरा-अठरा वर्षांची असत. त्यांना देशी भाषा शिकवायच्या होत्या. कॅरी तिथे आधी बंगाली आणि मग संस्कृत व मराठी शिकवू लागला.

शिकवायला पुस्तक हवं, आणि मराठीत छापील पुस्तक जवळपास नव्हतंच. गोव्यात फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं होतं, पण ते रोमन लिपीत, आणि कलकत्त्याला त्याचा काही उपयोग नव्हता. तिकडे तंजावरला सरफोजीराजांनी आपल्या वाड्यात छापखाना घालून १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ छापलं. ते कॅरीच्या पहिल्या पुस्तकानंतरचं. तेव्हा श्रीरामपूरला सगळं मुळापासून करावं लागलं. १८०५ मध्ये कॅरीचं मराठी व्याकरण आलं, त्यातली मराठी नागरी लिपीत. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आला, आणि त्यातले मराठी शब्द मोडीत होते.

मोडीच का, तर व्यवहार मोडीत चालायचा म्हणून. पोथ्या बाळबोधीत, हिशेब आणि हुकूम मोडीत. कंपनीच्या पोराला उद्या कुठल्यातरी कचेरीत कारकुनानं पुढं केलेला कागद वाचायचा होता. ज्ञानेश्वरी नव्हे.

मोडीचे खिळे पाडणं किती कठीण होतं हे मला मोडी लिहायला शिकेपर्यंत कळलं नव्हतं. मोडीत आधी पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगत जातात. हात शक्यतो उचलायचा नाही. काना लावला की अक्षराचं रूपच बदलतं. ‘क’ ओळखायला शिकलात तरी ‘का’ समोर आला की तुम्ही अडता. शब्द तोडायची सवय नाही, पूर्णविराम नाही. बरं, ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही, एवढाच काय तो दिलासा. वाहत्या हाताची ही लिपी सुट्या धातूच्या तुकड्यांत बसवायची म्हणजे ओढ्याचं पाणी घागरींत भरून पुन्हा ओढ्यासारखं दिसेल असं मांडायचं.

श्रीरामपूरला हे जमलं, कारण तिथे पंचानन कर्मकारांनी घालून दिलेला कारखाना होता. पंचानन हे लोहाराच्या घराण्यातले. १७७८ मध्ये चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली त्यांनी पहिल्या बंगाली खिळ्यांवर काम केलं होतं. कॅरीनं त्यांना श्रीरामपूरला आणलं. त्यांच्यानंतर जावई मनोहर यांनी काम चालू ठेवलं. भारतीय आणि पूर्वेकडच्या कितीतरी लिप्यांचे खिळे या एका कारखान्यानं पाडले. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागद, हस्तलिखितं, खिळे, वर्षानुवर्षांची भाषांतरं जळाली. पण खिळे ओतण्याचे मूळ पोलादी ठसे ढिगाऱ्यातून शाबूत निघाले. वितळलेलं शिसं गोळा करून लगेच पुन्हा खिळे ओतायला सुरुवात झाली. आमची वंशावळ या आगीनंतरची. जळलेल्या छापखान्याच्या राखेतून निघालेल्या ठशांची तीही देणेकरी.

मजकुराची बाजू सांभाळणारा माणूस म्हणजे वैजनाथ शर्मा. कॉलेजातला मुख्य मराठी पंडित. कॅरीनं आपल्या पुस्तकांत त्याचे आभार मानले आहेत. वाङ्मयेतिहासात त्याचं आडनाव कानफाडे असं येतं, आणि तो नागपूरकडचा असल्याचं सांगितलं जातं. ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ मध्ये, ‘हितोपदेश’ १८१५ मध्ये आणि ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’ १८१६ मध्ये आलं. हे शेवटचं मूळ रामराम बसूंचं बंगाली पुस्तक. या मालिकेतच रघुजींची वंशावळी बसते.

ही यादी जरा नीट पाहा. विक्रमाच्या गोष्टी, पशुपक्ष्यांच्या गोष्टी, दोनशे वर्षांपूर्वी मेलेला एक बंगाली राजा. आणि चौथा राजा मात्र त्या वेळी जिवंत होता, किंवा नुकताच वारला होता. दुसरे रघुजी भोसले २२ मार्च १८१६ ला गेले. म्हणजे इकडे नागपुरात गादी चालू आहे, आणि तिकडे कलकत्त्यात कंपनीचं पोरगं त्याच गादीची वंशावळ मोडीच्या सरावासाठी वाचतंय.

हा निव्वळ योगायोग, असं मला वाटत नाही. कंपनीला नागपूर चांगलं ठाऊक करून घ्यायचं होतं. १७९९ ते १८०१ या काळात हेन्री कोलब्रुक कंपनीचा वकील म्हणून रघुजींच्या दरबारी राहिला होता. राजकारणात त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही. पण कोलब्रुक म्हणजे त्या काळातला इंग्रजांमधला सर्वांत मोठा संस्कृतचा जाणकार. कलकत्त्याला परतल्यावर तो याच फोर्ट विल्यम कॉलेजात संस्कृत आणि हिंदू कायद्याचा मानद प्राध्यापक झाला. १८१० मध्ये त्यानं मिताक्षरा आणि दायभाग यांतल्या वारसाहक्कावरच्या भागाचं इंग्रजी भाषांतर छापलं. कोण कुणाचा वारस, याबद्दल शास्त्र काय म्हणतं, हे इंग्रजीत उतरवणाऱ्या माणसानं नागपूरचा दरबार आतून पाहिला होता.

मधल्या काळात १८०३ चं युद्ध झालं. असई, मग आडगाव, मग गाविलगड. १७ डिसेंबर १८०३ ला देवगावच्या तहानं कटक आणि बालासोर गेलं. पहिल्या रघुजींनी ज्यासाठी दहा वर्षं घोडी दामटली ते एका सहीनं संपलं. त्यानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन नागपूरला रेसिडेंट म्हणून आला आणि त्याच्यानंतर रिचर्ड जेन्किन्स.

जेन्किन्स तर लिहून घेण्यात वस्ताद. त्याच्या सांगण्यावरून काशीराव राजेश्वर गुप्ते यांनी भोसल्यांची बखर लिहिली. ती छापून यायला १९३६ साल उजाडलं, तेही या. मा. काळ्यांनी नागपुरात संपादित केली म्हणून. जेन्किन्सचा स्वतःचा इंग्रजी अहवाल मात्र १८२७ मध्ये कलकत्त्याला छापून तयार होता. जमीन, पीक, जाती, कर, राजघराणं, सगळं त्यात. एकाच माणसासाठी जमवलेली माहिती. इंग्रजी अवताराला छापखाना लगेच मिळाला, मराठी अवताराला शंभरावर वर्षं थांबावं लागलं.

सत्तेची ही सवय जगभर सारखीच. मेक्सिको सिटीत अमेरिका खंडातला पहिला छापखाना १५३९ मध्ये चालू झाला, आणि त्यातून सुरुवातीलाच आलेली पुस्तकं नाहुआत्ल भाषेतली होती. स्पॅनिश पाद्र्यांना तिथल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायचं होतं. १५५५ मध्ये मोलिनाचा स्पॅनिश-नाहुआत्ल कोश आला. एक कोश, एक व्याकरण, एक धर्मग्रंथ, थोडा इतिहास. श्रीरामपूरची यादी शेजारी ठेवली तर अडीचशे वर्षांचं आणि एका महासागराचं अंतर असूनही क्रम ओळखीचा वाटतो. जिंकणाऱ्याला भाषा शिकावी लागते, आणि त्याच्या अभ्यासाचा उरलेला गाळ म्हणजे आपली दुर्मीळ पुस्तकं.

आता वंशावळीकडे परत येतो, कारण खरी मेख तिथे आहे.

भोसल्यांच्या घराण्यात दत्तक ही काही नवी गोष्ट नव्हती. पहिले रघुजी १७५५ मध्ये गेले. थोरले पुत्र जानोजी गादीवर आले. त्यांना मूल नव्हतं, म्हणून त्यांनी भावाचा, मुधोजींचा मुलगा दत्तक घेतला. हेच दुसरे रघुजी. जानोजी १७७२ मध्ये गेल्यावर मुधोजी आणि साबाजी या भावांत वारशावरून लढाई जुंपली. जानेवारी १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावच्या रणात मुधोजींनी साबाजींना गोळी घातली आणि प्रश्न मिटला. म्हणजे श्रीरामपूरची वंशावळ छापली गेली तेव्हाच्या राजाच्या नावापुढं कुणीही प्रामाणिक कारकुनानं ‘दत्तक’ असंच लिहिलं असतं.

पुढं बघा. दुसऱ्या रघुजींचा मुलगा परसोजी, शरीरानं पंगू. १ फेब्रुवारी १८१७ ला त्याचा खून झाला. चुलतभाऊ आप्पासाहेब गादीवर आला, त्यानं नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर कंपनीशी लढाई केली, हरला आणि १८१८ मध्ये पदच्युत झाला. मग गादीवर कोण? कंपनीनं परसोजीच्या विधवेला, दुर्गाबाईंना, मुलगा दत्तक घेऊ दिला. दुसऱ्या रघुजींच्या मुलीचा मुलगा. हे तिसरे रघुजी. वयानं लहान, म्हणून आजी बांकाबाई कारभार पाहत आणि त्यांच्या मागे जेन्किन्स. दत्तक चालतो, हे कंपनीनं स्वतःच्या हातानं करून दाखवलं.

११ डिसेंबर १८५३ ला तिसरे रघुजी वारले. मुलगा नव्हता. राण्यांनी यशवंतराव नावाच्या नातलग मुलाकडून उत्तरक्रिया करवली आणि त्याचं नाव जानोजी ठेवलं. कलकत्त्यात डलहौसी होता. त्याचं म्हणणं असं, की राजाला औरस वारस नाही, त्यानं हयातीत दत्तक घेतला नाही, तेव्हा राज्य खालसा. १८५४ च्या सुरुवातीला नागपूर कंपनीच्या नकाशात गेलं.

ज्या कंपनीच्या कॉलेजानं या घराण्याची वंशावळ पाठ्यपुस्तक म्हणून वापरली, ज्या कॉलेजाच्या प्राध्यापकानं वारशाचं शास्त्र इंग्रजीत आणलं, तिला या घराण्यात गादी कशी पुढे जाते हे माहीत नव्हतं, असं कुणी म्हणू शकत नाही. अज्ञानातून अन्याय झाला, ही समजूत साम्राज्याबद्दल बोलताना फार सोयीची ठरते. नागपूरच्या बाबतीत ती टिकत नाही. त्यांनी वाचलेलं होतं.

खालसा झाल्यावर वाड्यातले हत्ती, घोडे, बैल नागपुरात लिलावात काढले गेले, कवडीमोलानं. जवाहीर कलकत्त्याला विक्रीसाठी गेलं. १८६४ मध्ये वाड्याला आग लागली. काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामानं मढवलेला तो वाडा जळाला आणि नगारखाना तेवढा उरला. शाळेत जाताना मी त्याखालून जायचो तो हाच. त्या आगीतून कुणी ठसे बाहेर काढले नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये एकाच आठवड्याच्या अंतरानं दोन बातम्या आल्या. तुम्ही निदान एक तरी पाहिली असेल. पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात निघाली होती, ती महाराष्ट्र शासनानं मिळवली आणि १८ ऑगस्टला मुंबईत आणली. ४७ लाख १५ हजार रुपये. पातं युरोपात घडवलेलं, म्हणजे ‘फिरंग’, आणि त्यावर सोन्याच्या पाण्यानं देवनागरीत राजाचं नाव आणि सेनासाहेब सुभा हा किताब. विमानतळावर स्वागत, मिरवणूक, रील्स. मीही रील्स पाहिले, स्टेटसला ठेवले. तलवार आली याचा आनंद झाला, त्यात खोटं काही नाही.

दुसरी बातमी आपल्याकडे कुणी फारशी वाचली नसेल. १३ ऑगस्टला अमेरिकेच्या एफबीआयनं मेक्सिकोला एक कागद परत केला. २० फेब्रुवारी १५२७ चा, खाली सही हर्नान कोर्तेसची, ज्यानं अझ्टेक साम्राज्य बुडवलं तो. मेक्सिकोच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून हा कागद चोरीला गेला होता. १९९३ मध्ये सूक्ष्मचित्रणासाठी संग्रह काढला तेव्हा पंधरा पानं गायब असल्याचं लक्षात आलं. लक्षात का आलं, तर त्याआधी अभिलेखागारातल्या माणसांनी प्रत्येक पानाला क्रमांक घातले होते. तीसेक वर्षांनी कागद सापडला तेव्हा त्या क्रमांकांवरून मालकी सिद्ध झाली. कारकुनी काम. त्याचे रील्स होत नाहीत.

या दोन गोष्टींमध्ये आमची वंशावळ कुठे बसते? ती चोरीला गेली नाही, लुटली गेली नाही. ती नागपुरात कधी नव्हतीच. बंगालात छापली, कंपनीच्या मुलांसाठी छापली. तेव्हा ती ‘परत’ मागण्यात अर्थ नाही, आणि लिलावात बोली लावून ती आणली तरी काचेच्या पेटीत ठेवलेलं पुस्तक म्हणजे बंद केलेलं पुस्तक. तलवार काचेतून दिसते. पुस्तकाचं तसं नाही.

आणि समजा उघडून ठेवलं, तरी पान मोडीत. मुंबईत अमेरिकन मिशननं १८१७ पासून नागरी खिळ्यांनी मराठी छापायला घेतलं आणि पुढं मोल्सवर्थचा १८३१ चा मोठा कोशही नागरीतच आला. छापील मराठीची लिपी ठरून गेली. मोडी हातात राहिली, कचेऱ्यांत राहिली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथूनही गेली. श्रीरामपूरची मोडी पुस्तकं म्हणजे एक बंद पडलेली वाट. म्हणूनच ती दुर्मीळ, आणि म्हणूनच ती नागपूरकराला आपल्या शहरात बसूनही परकी.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतले एक काका प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद घेऊन आले. मी मोडी शिकतोय हे त्यांना कुठून तरी कळलं होतं. ‘पाय ना बाप्पा, काय लिवलं हाय याच्यात. आमच्या बापानं जपून ठेवला, आम्ही बी ठेवला. वाचला कोणीच नाही.’ घरवाटणीचा कागद होता. मला दोन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या ओळीत एका मुलाच्या नावापुढं ‘दत्तपुत्र’ निघालं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हंजे आमचा आजा त्यायच्या रक्ताचा नव्हताच.’ आणि हसले. ‘पर घर त्याले देल्लं ना त्यायनं.’

कागद त्यांनी पुन्हा तशीच घडी घालून नेला.

तुम्हाला या पुस्तकांच्या मागे लागायचं असेल तर दोन कामाच्या गोष्टी सांगतो. ब्रिटिश लायब्ररीच्या किंवा जुन्या छापील पुस्तकांच्या कुठल्याही ऑनलाइन सूचीत इंग्रजीत आजच्या स्पेलिंगनं ‘नागपूर’ टाकून थांबू नका. कंपनीच्या कागदांत शहराच्या नावाच्या शेवटी ओ-आर-ई असायचं, भाषेचं नाव एच घालून ‘मऱ्हाटा’सारखं लिहायचे, आणि भोसल्यांना ते बरीच वर्षं ‘बेरारचा राजा’ म्हणत. वऱ्हाडच्या नावाखाली नागपूर सापडतं. मूळ कागद हवेत तर ‘नागपूर रेसिडेन्सी रेकॉर्ड्स’चे खंड पाहा. ह. ना. सिन्हांनी संपादित केलेला त्यांचा पहिला खंड १९५० मध्ये निघाला आणि तो कोलब्रुकच्या काळापासूनच सुरू होतो. कुठल्याही मोठ्या जुन्या ग्रंथालयात विचारा. काळ्यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ १९३४ चा, तोही सोबत घ्या. भाषा जुनी आहे पण माणूस फापटपसारा लावत नाही.

मोडीसाठी पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग असतात. पण वर्ग मिळेपर्यंत कॅरीचा १८१० चा कोश फोनवर उतरवून घ्या, स्कॅन फुकट मिळतं. पान झूम करा. डावीकडे मोडी शब्द, पुढं इंग्रजी अर्थ. तो कोश इंग्रज पोरांना मराठी यावी म्हणून केला होता. आम्ही वर्गातले तिघं-चौघं तो उलटा वापरतो. आधी मोडी शब्द वाचायचा, तर्क करायचा, आणि मग उत्तर ताडून बघायला इंग्रजीवरचा अंगठा बाजूला करायचा. रात्री ग्रुपवर एकेक शब्दाचा स्क्रीनशॉट पडतो. परवाच्या शब्दावर अजून वाद चालू आहे. एकाला तो ‘वाडा’ वाटतो, दुसऱ्याला ‘वाटा’. अंगठा अजून कुणी काढलेला नाही.